वॉटरप्रूफ कॅमेरा घेताय? मीटर नंतर, आधी त्याचं दार बघा

बेळगावजवळची जांबोटी सोडून कणकुंबीच्या घाटाकडं गाडी लागली की जुलैत पाऊस नुसता वरनं पडत नाही, बाजूनं येतोय, खालनं उडतोय, धुक्यातनं कपड्यात शिरतोय. तिथं फोनवर फोटो मारायचा म्हणजे आधी बोट पुसा, मग स्क्रीन पुसा, तवर बेडूक गेलेला असतोय. फोन आयपी ६८, म्हणजे धूळ-पाणी रोखायच्या टेस्टमध्ये पास झालेला आहे म्हणून लोक खुशाल भिजवायलेत, खरं ती टेस्ट न हलणाऱ्या गोड्या पाण्यातली असते आणि आत पाणी गेलं तर वॉरंटीत बहुतेक कंपन्या हात वर करतात. तेव्हा छोटा वॉटरप्रूफ कॅमेरा घेणं चुकीचं नाही, फक्त मी घेतला तसा घेऊ नका.

मी बॉक्सवरचे मीटर, म्हणजे किती खोल पाण्यात चालतो तो आकडा, बघून घेतला. जास्त मीटर म्हणजे जास्त भारी, एवढंच डोक्यात. दुसऱ्या पावसाळ्यात गेला, आणि कुठं, तर गुडघाभर ओढ्यात. बॅटरीचं दार उघडून बघितलं तर रबरी सीलवर एक केस आडवा पडलेला. माझाच असणार, तेव्हा होते डोक्यावर.

म्हणून दुकानात पहिल्यांदा दार उघडा. कुलूप डबल आहे का, म्हणजे एक खटका दाबून धरल्याशिवाय दुसरा सरकतच नाही, असं असेल तर खिशातनं काढताना चुकून उघडायची भीती कमी. दारं किती आहेत तेही मोजा, जितकी दारं तितक्या पाणी शिरायच्या जागा. रबर बोटानं चाचपा, वाळूचा एक कण असला तरी हाताला लागतोय. आणि मीटरचा आकडा शांत पाण्यातला असतोय गा, वरनं उडी मारली किंवा धबधब्याच्या धारेखाली धरला की दाब वेगळाच. आपल्याला कुठं पाणबुडी व्हायचंय, १०-१५ मीटर रग्गड झालं.

आमच्याकडं खरा त्रास धुक्याचा, आणि ते दुकानदार सांगत नाही. घाटात थांबून भर पावसात बॅटरी बदलली की ओली हवा आत कोंडली, मग कॅमेरा थंड ओढ्यात घातला की काच आतनं धुरकटली, आतनं म्हणजे पुसताही येत नाही, परत घरी येईपर्यंत सगळे फोटो दुधात बुडवल्यासारखे. त्यामुळं बॅटरी आणि कार्ड घरातच, कोरड्या हातानं घाला. गाडीत एसी लावला असेल तर उतरायच्या आधी काचा खाली करून कॅमेऱ्याला बाहेरच्या हवेची सवय होऊ द्या. म्हणून बॅटरी दिवसभर टिकणारी बघा, वाटेत दार उघडायची वेळच येऊ नये.

मग उजेड. भीमगड अभयारण्याच्या बाजूला झाडीत पावसाळ्यात दुपारी तीनलाच दिवेलागण झाल्यासारखं असतंय. या कॅमेऱ्यांचा सेन्सर नखाएवढा, त्यामुळं मेगापिक्सेल १२ की २० यावरनं भांडू नका, लेन्सचा एफ आकडा बघा, तो जितका लहान तितका उजेड जास्त. ओएम सिस्टिमचा टीजी ७, २०२३ साली आला, आधी हीच मालिका ऑलिंपस नावानं यायची, त्याची लेन्स एफ २ पासनं सुरू. पेंटॅक्सचा डब्ल्यूजी ९० एफ ३.५ पासनं. हिशोब केला तर पहिल्यात तिपटीनं उजेड आत येतोय, झूम केलं की मात्र हा फायदा कमी होतोय. दोघंही एक सेंटीमीटरवरनं फोटो काढतात, डब्ल्यूजीच्या लेन्सभोवती बारके एलईडी आहेत, किडे-बेडकांचा नाद असेल तर ते लय कामाचे. टीजी १५ मीटर, डब्ल्यूजी १४. उणे दहा डिग्रीत चालतोय हेही लिहिलेलं असतंय, त्याचं बेळगावात काय करायचं ते तुम्हीच बघा.

सेकंडहँड स्वस्त मिळतोय खरं जपून. निकॉनचा डब्ल्यू ३०० वगैरे जुने चांगले होते, पण रबर वयानं कडक होतंय, कंपन्याच वर्षाला सील बदला म्हणतात. बॅटरीच्या खाचेत हिरवट-पांढरं दिसलं की हात जोडून परत द्या. लेन्समध्ये मोबाईलचा टॉर्च मारून बघा, आत डाग असतील तर पाणी एकदा जाऊन आलेलं असणार.

नवा घेतला तरी गोव्याला समुद्रात न्यायच्या आधी घरच्या बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा, कार्ड न घालता. दारातनं बुडबुड्यांची माळ निघाली की लगेच बाहेर काढा, पुसा आणि बिल घेऊन त्याच दिवशी दुकान गाठा.