क्वांटम फिजिक्समध्ये रिसर्चचा टॉपिक कसा पकडायचा

आधी एक सांगून टाकते, 'क्वांटम कॉम्प्युटिंग' हा टॉपिक नाही, तो अख्खा प्रांत झाला. 'एन्टँगलमेंटचा अभ्यास' (एन्टँगलमेंट म्हणजे कणांचं वेगवेगळं वर्णन करताच येत नाही असं नातं) हे तर त्याहून वाईट, कारण तो कधी संपत नाही आणि कधी चुकतही नाही. टॉपिक म्हणजे असा प्रश्न की ज्याचं उत्तर हो, नाही किंवा एखादा आकडा असं येतं, आणि उत्तर काहीही आलं तरी लिहिण्यासारखं काहीतरी हाती राहतं. एवढी एक चाळणी लावली तरी यादीतले बरेच विषय आपोआप गळतात.

दुसरं म्हणजे फाउंडेशन्स (क्वांटमच्या मुळाचे प्रश्न) करू का ॲप्लिकेशन्स, या घोळात महिने घालवू नका. लोकांना वाटतं फाउंडेशन्स म्हणजे तत्त्वज्ञान आणि ॲप्लिकेशन्स म्हणजे नोकरी. प्रत्यक्षात एखादा आकडा घट्ट धरला की तोच तुम्हाला या टोकावरून त्या टोकाला नेतो. नुसतं सांगून हे पटत नाही म्हणून एक उदाहरण नीट करून बघू.

जॉन बेलची इनइक्वॅलिटी घ्या, १९६४ ची, म्हणजे दोन लांबच्या कणांची उत्तरं एकमेकांशी किती जुळू शकतात याची मर्यादा, आणि तिचं १९६९ चं सीएचएसएच रूप (चार लेखकांच्या आडनावांची आद्याक्षरं). दोन टोकांना दोन डिटेक्टर, प्रत्येकाला दोन सेटिंग, प्रत्येक वेळी उत्तर +१ किंवा -१. सेटिंगच्या चार जोड्या होतात, चौघींची कोरिलेशन्स (दोन उत्तरांच्या गुणाकाराची सरासरी) काढायची, तीन मिळवायची आणि एक वजा करायचं, येणारा आकडा म्हणजे एस. सगळं आधीच ठरलेलं असेल आणि एका टोकाचा दुसऱ्यावर परिणाम होत नसेल तर एस २ च्या वर जाऊच शकत नाही. क्वांटममध्ये तो २√२ म्हणजे साधारण २.८३ पर्यंत जातो. फोटॉनचं पोलरायझेशन घेतलं तर एका बाजूला ० आणि ४५ अंश, दुसऱ्या बाजूला २२.५ आणि ६७.५ अंश, हे कोन घालून वहीवर स्वतः करून बघा, दोन कोनांमधल्या फरकाच्या दुपटीचा कोसाइन एवढंच तर लागतं.

आता यात नॉइज मिसळा. समजा स्टेटचा (कणांच्या क्वांटम अवस्थेचा) 'व्ही' एवढा भाग शुद्ध एन्टँगल्ड आहे आणि उरलेला निव्वळ कचरा. मग एस होतो २.८३ गुणिले व्ही, म्हणजे व्ही ०.७०७ च्या वर असेल तरच २ ची रेषा ओलांडली जाणार. पण गंमत अशी की दोन क्यूबिटची (क्यूबिट म्हणजे दोन पातळ्यांची क्वांटम सिस्टिम, इथे एकेक फोटॉन) ही स्टेट व्ही १/३ च्या वर गेली की एन्टँगल्ड असतेच! मग १/३ ते ०.७०७ या पट्ट्यात काय चाललंय? वर्नरने १९८९ मध्ये दाखवलं की १/२ पर्यंत साध्या मापनांसाठी लोकल मॉडेल (उत्तरं आधीच ठरलेली, एका टोकाचा दुसऱ्यावर परिणाम नाही असं) बनवता येतं, म्हणजे एन्टँगलमेंट आहे पण बेल टेस्टमध्ये ती दिसणार नाही. २००८ मध्ये व्हर्तेशीने प्रत्येक बाजूला शेकडो सेटिंग वापरून ०.७०७ ची मर्यादा अगदी किंचित खाली आणली, ०.७०५६ पर्यंत. किती छोटा फरक, पण तो पेपर आहे, कारण प्रश्न नेमका होता आणि आकडा हलला.

आता हाच एस घेऊन दुसऱ्या टोकाला चला. एस २ च्या पुरेसा वर असेल तर त्यातून गुप्त की (संदेश कुलूपबंद करायची किल्ली) काढता येते, आणि मशीनच्या आत काय आहे यावर विश्वास ठेवायची गरज पडत नाही. याला डिव्हाइस-इंडिपेंडंट क्वांटम की डिस्ट्रिब्युशन म्हणतात, आणि त्याचे प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. इथे लगेच नवे प्रश्न पडतात: एस किती असला म्हणजे ही किल्ली निघते, डिटेक्टर किती फोटॉन गमावतो, मोजण्या मर्यादित असल्या तर किती मार्जिन ठेवायचं. डिटेक्टरचंच बघा, कमाल एन्टँगल्ड स्टेट असेल तर लूपहोल (हरवलेल्या फोटॉनमुळे निकालात राहणारी पळवाट) बंद करायला सुमारे ८३ टक्के एफिशियन्सी लागते, पण एबरहार्डने १९९३ मध्ये दाखवलं की मुद्दाम कमी एन्टँगल्ड स्टेट घेतली तर ६७ टक्क्यांच्या जरा वर भागतं. कमी एन्टँगलमेंट घेऊन जास्त फायदा, असं काही दिसलं की तिथे थांबायचं, टॉपिक बहुतेक वेळा अशाच ठिकाणी असतात.

प्रयोगवाल्यांसाठी यातच आणखी एक धागा आहे. २०१५ मध्ये डेल्फ्टच्या ग्रुपने १.३ किलोमीटर अंतरावरच्या दोन हिऱ्यांमधल्या इलेक्ट्रॉन स्पिनवर लूपहोल-फ्री टेस्ट केली, एस आला २.४२. पण मोजण्या किती मिळाल्या तर २४५, आणि त्याला लागले २२० तास. कारण प्रत्येक प्रयत्नात एन्टँगलमेंट जुळायची शक्यता अतोनात कमी, फोटॉन निघतो, फायबरमध्ये शिरतो न शिरतो, वाटेत हरवतो. मग हा रेट वाढवायचा कसा, एन्टँगलमेंट जुळली की दुसरी जुळेपर्यंत ती मेमरीत टिकवायची कशी, हे प्रश्न थेट क्वांटम नेटवर्कचे झाले. प्रयोग एकच, पण फाउंडेशन्सवाला त्यातला २.४२ बघतो आणि नेटवर्कवाला २२० तास.

आता बाकीच्या प्रांतांबद्दल माझं मत सांगते, सगळ्यांना सारखी जागा देणार नाहीये.

एरर करेक्शन, म्हणजे अनेक क्यूबिट मिळून चुका पकडायच्या आणि दुरुस्त करायच्या. लॅब नसेल, लॅपटॉप असेल आणि कोडिंगची चीड नसेल तर सध्या मी डोळे झाकून हेच सुचवेन. सरफेस कोडमध्ये (जाळीत मांडलेले क्यूबिट मिळून एक भरवशाचा 'लॉजिकल' क्यूबिट) डिस्टन्स 'डी' (जाळीची बाजू) असेल तर २डी²-१ क्यूबिट लागतात, म्हणजे ३ ला १७, ५ ला ४९, ७ ला ९७. गूगलने २०२४ मध्ये विलो चिपवर दाखवलं की ३ वरून ५ आणि ५ वरून ७ ला जाताना लॉजिकल एरर दर पायरीला साधारण २.१४ पटीने घटते. म्हणजे क्यूबिट वाढवले तर एरर खरंच कमी होते, हे हार्डवेअरवर दिसलं. तुम्ही काय करायचं, तर स्टिम नावाचं फुकट सिम्युलेटर घ्या, आधी हाच घसरता ग्राफ साध्या नॉइजने काढा, आणि मग पेपरमध्ये ज्या गोष्टी गृहीत धरल्यात त्यातली एकच मोडा. सगळे क्यूबिट सारखेच नॉइजी असतात असं धरलंय? मग मधला एक क्यूबिट दहापट खराब करा आणि बघा लॉजिकल एरर किती वाढते, आणि डीकोडरला (चूक कुठे झाली ते ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला) ते आधी सांगितलं तर त्यातली किती परत मिळते. हा झाला प्रश्न, उत्तर आकड्यात येणार. यातलं काही आधीच झालेलं निघेल, निघू दे, तुमचा आकडा त्यांच्याशी जुळला तर कोड बरोबर आहे हे तरी कळलं.

अल्गोरिदमच्या बाबतीत मात्र जरा सांभाळून. क्वांटमने स्पीडअप मिळतो असा दावा करायचा असेल तर आधी सगळ्यात चांगला क्लासिकल प्रतिस्पर्धी शोधा, ढिसाळ नाही. २०१८ मध्ये ईविन टँगने रेकमेंडेशनच्या एका गाजलेल्या क्वांटम अल्गोरिदमच्या तोडीचा क्लासिकल अल्गोरिदम काढला आणि एक्स्पोनेन्शियल फायदा गेला. २०२३ मध्ये आयबीएमने १२७ क्यूबिटवर केलेला प्रयोग काही आठवड्यांतच क्लासिकल पद्धतींनी करून दाखवला गेला. आणि व्हेरिएशनल सर्किट्स (ज्यांचे पॅरामीटर ट्रेनिंगने ठरवतात) वापरणार असाल तर बॅरन प्लॅटो आधी वाचा, क्यूबिट वाढतात तसा ग्रेडियंट इतका सपाट होतो की ट्रेनिंगला दिशाच मिळत नाही, २०१८ पासून हे माहिती आहे तरी अजून 'आम्ही क्वांटम न्यूरल नेटवर्क वापरलं' एवढ्यावर पेपर येतात. तसं काही करू नका प्लीज.

सेन्सिंगकडे, म्हणजे अचूक मोजमापाकडे, लोक कमी बघतात आणि मला ते कळत नाही, कारण क्वांटम इफेक्ट इथे आजच कामाला लागलेत. लायगोमध्ये (ग्रॅव्हिटेशनल वेव्ह पकडणाऱ्या डिटेक्टरमध्ये) २०१९ पासून स्क्वीझ्ड लाइट (क्वांटम नॉइज एका बाजूने दाबलेला प्रकाश) नेहमीच्या निरीक्षणात वापरतात. ऑप्टिकल घड्याळं आता १०^-१८ च्या पातळीवर आहेत, म्हणजे घड्याळ एक सेंटीमीटर वर उचललं तर ग्रॅव्हिटीमुळे पडणारा फरक त्या पातळीला येतो. थिअरीतला प्रश्न असा आहे की एन्टँगल्ड एन कणांनी एरर १/√एन वरून १/एन वर येते असं पुस्तकात लिहिलेलं असतं, पण नेहमीचा डीकोहेरन्स (बाहेरच्या परिणामाने क्वांटम अवस्था बिघडणं) घातला की मोठ्या एनला तो फायदा ठराविक पटीपुरताच उरतो. तुमच्या सिस्टिमच्या नॉइजमध्ये ती पट किती आणि कुठल्या एनपासून फायदा अडतो, झाला टॉपिक.

शुद्ध फाउंडेशन्सच करायचंय? करा, पण इंटरप्रिटेशनच्या भांडणात पडू नका, जिथे दोन मतांचा आकडा वेगळा येतो तिथेच जा. १९८६ चं जीआरडब्ल्यू (गिरार्दी, रिमिनी आणि वेबर यांचं) कोलॅप्स मॉडेल याचं चांगलं उदाहरण, ते म्हणतं मोठ्या वस्तूंची सुपरपोझिशन (एकाच वेळी दोन ठिकाणी असल्यासारखी अवस्था) आपोआप मोडते, म्हणजे मोठ्या मॉलिक्यूलचा इंटरफेरन्स जितका टिकतो तितकी त्या मॉडेलच्या पॅरामीटर्सची जागा आक्रसते. व्हिएन्नामधल्या अशा प्रयोगांत १९९९ साली साठ कार्बनचा फुलरीन होता, २०१९ मध्ये २५,००० अणुभार एककांच्या पुढचे मॉलिक्यूल.

प्रश्न सापडला की तो आपल्याच्याने होणार का हे बघा, आणि ते उत्साहात नाही, हिशोबाने. कॉम्प्युटरवर पूर्ण स्टेट व्हेक्टर (अवस्थेचे सगळे आकडे) ठेवायचा तर ३० क्यूबिटला १६ गिगाबाइट मेमरी लागते आणि पुढे दर क्यूबिटला ती डबल. नॉइजसकट डेन्सिटी मॅट्रिक्स हवी असेल तर त्याच मेमरीत फक्त १५ क्यूबिट मावतात. स्टिम हजारो क्यूबिट हाताळतं, पण ते क्लिफर्ड गेट्स आणि पाउली नॉइजपुरतंच (गेट आणि नॉइजच्या ठराविक साध्या जाती), म्हणून नॉइज नेमका कसला आहे हे आधी ठरवा, टूल नंतर.

वाचायचं कसं, तर आर्काइव्हचा (arXiv, पेपर फुकट वाचायला ठेवणारी साइट) क्वांट-पीएच (क्वांटम फिजिक्स) विभाग रोज उघडा पण सगळं वाचायला जाऊ नका, वेड लागेल. टायटल बघा, कामाचं वाटलं तर ॲबस्ट्रॅक्ट, आणि मग थेट 'वी अझ्यूम' जिथे जिथे लिहिलंय तिथे जा, लेखकांनी काय सोडून दिलंय ते तिथेच सापडतं. शेवटच्या पॅराग्राफमधल्या 'फ्युचर वर्क'वर फार भरवसा ठेवू नका, त्यातलं सोपं बऱ्याचदा त्यांनी स्वतःच करायला घेतलेलं असतं. निवडलेल्या पेपरमधला एक ग्राफ स्वतः काढा. ग्राफ जुळेपर्यंत पुढे जायचं नाही.

मग गाईडकडे जाताना एकच पान न्या: प्रश्न एका वाक्यात, आजवर माहीत असलेला आकडा आणि तो कुठल्या पेपरमधला, तुम्ही जुळवलेला ग्राफ, मोडायचं ठरवलेलं एक गृहीतक, आणि परिणाम शून्य आला तर काय लिहिणार ते. या शेवटच्या ओळीत 'माहीत नाही' असं येत असेल तर प्रश्न अजून थोडा लहान करा आणि मगच अपॉइंटमेंट घ्या.