कॅन्टरबरीचा बिल्ला घरी ओतायचाय?
११७० ला आर्चबिशप (मोठे ख्रिस्ती धर्मगुरू) थॉमस बेकेटचा इंग्लंडातल्या कॅन्टरबरीच्या चर्चमध्येच खून झाला, ११७३ ला त्यांना संतपद मिळालं आन मग दर्शनाला गेलेली माणसं शिसं-कथलाचा बिल्ला लावून घरी यायची, आपल्या पालीच्या खंडोबाच्या टाकामागं जी श्रद्धा असते तीच ही.

शिसं अजिबात नको, विषारी असतं. सांगलीत कल्हईवाला गाठा, बिनशिशाचं कथील मागा, २३२ डिग्रीला वितळतं. शंखजिऱ्याच्या, म्हंजे मऊ दगडाच्या, सपाट तुकड्यावर चित्र उलटं कोरायचं, वरनं ओतायला वाट आन हवा जायला बारीक रेघा ठेवायच्याच, नाहीतर संतांचा चेहरा भरतच नाही. दुसरा सपाट तुकडा मागनं घट्ट बांधा, त्यातच टाचणीची खाच कोरा. साचा आधी तापवून कोरडाठाक करा, ओल राहिली तर कथील उसळून अंगावर येतं, चष्मा लावा.