लेथ-सीएनसीवर माणूस घेताना या चुका टाळा

भोसरी असो, सातपूर असो की शिरोली, कोणत्याही एमआयडीसीत चक्कर मारली तर ‘ऑपरेटर पाहिजे’ अशी पाटी गेटवर लावलेली पाच-सहा वर्कशॉप सहज दिसतात, आणि आत मालकाची तक्रारही ठरलेली असते की माणसे मिळत नाहीत, मिळाली तर टिकत नाहीत. पगार अपुरा असणे हे काही ठिकाणी खरे कारण असते. परंतु दहा-पंधरा माणसांच्या वर्कशॉपमध्ये गाडी बहुधा त्याआधीच अडलेली असते, कारण नेमक्या कोणत्या कामाला माणूस हवा आहे हे पाटी लिहिणाऱ्यानेच ठरवलेले नसते.

सीएनसीवर, म्हणजे संगणकी प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनवर, जॉब (कापायचा तुकडा) लावणारा, सायकल सुरू करणारा आणि माप पाहून ऑफसेट (टूलच्या जागेतील दुरुस्ती) देणारा तो ऑपरेटर. सॉफ्ट जॉ (चकचे, म्हणजे जॉब धरणाऱ्या पकडीचे, मऊ जबडे) जॉबच्या मापाला बोअर करून, टूल लावून पहिला पीस पास करून देणारा तो सेटर. आणि ड्रॉइंगवरून प्रोग्रॅम लिहिणारा आणखी वेगळा. मोठ्या कारखान्यात ही तीन माणसे असतात, लहान वर्कशॉपला मात्र तिघांचे काम एकाकडून हवे असते आणि पाटीवर शब्द व पगार ऑपरेटरचा असतो. मग आलेला मुलगा पहिल्याच नव्या जॉबला अडतो आणि त्याला काम येत नाही असा शिक्का त्याच्यावर बसतो. सेटिंग येणाराच हवा असेल, तर तसे लिहावे, मशीनवरील कंट्रोल (मशीन चालवणारा संगणक) फानुक कंपनीचा की सीमेन्सचा हेही सांगावे आणि पगार सेटरचा द्यावा.

दुसरी चूक टेबलावर बसून मुलाखत घेण्याची. ‘किती वर्षे झाली?’ या प्रश्नाचे उत्तर ‘आठ’ असे आले तरी ती आठ वर्षे एकाच जॉबवर बटण दाबण्यात गेलेली असू शकतात. आम्ही अशाच एका बोलक्या उमेदवाराला चाचणीविना घेतले आणि चौथ्या दिवशी अर्धी बॅच भंगारात टाकली. त्याऐवजी दीड तासाची मशीनवरची चाचणी घ्यावी: 32 मिमीचा माइल्ड स्टीलचा बार, त्यावर 25 मिमीचा व्यास, वरची मर्यादा शून्य आणि खालची उणे 0.02 मिमी. माप बरोबर आले की नाही यापेक्षा तो ते कसे आणतो हे पाहावे. तो काप घेण्याआधी ड्रॉइंग पूर्ण वाचतो का, मायक्रोमीटरचा शून्य तपासतो का, स्पिंडल सुरू करण्याआधी चकची चावी काढतो का? शेवटची गोष्ट चुकली, तर बाकी सर्व उत्तम असले तरी त्या दिवशी त्याच्या हाती मशीन देऊ नये. आणखी एक खूण अशी, की जाणता टर्नर (लेथचा कारागीर) शेवटचे माप जॉब निवल्यावर घेतो. 25 मिमीचा पोलादी व्यास 40 अंशांनी तापला तर साधारण 0.01 मिमीने फुगतो, म्हणजे वर दिलेल्या मर्यादेतील निम्मी जागा नुसत्या उष्णतेनेच खाल्ली जाते. चाचणीच्या वेळेचे पैसे द्यावेत. तो मनुष्य बहुधा दुसऱ्या ठिकाणची हजेरी बुडवून आलेला असतो.

आयटीआयचा टर्नर दोन वर्षे शिकून आलेला असला तरी तो तयार कारागीर नव्हे, त्याला घडवावे लागते. शिकाऊ उमेदवारी अधिनियम, 1961 नुसार करार करून त्याला घेता येते आणि 2016 पासूनच्या राष्ट्रीय योजनेत विद्यावेतनाचा काही भाग सरकार उचलते. लहान वर्कशॉप मात्र ही नोंदणी क्वचितच करतात.

पगाराच्या बोलण्यात सर्वाधिक गैरसमज ‘हातात किती’ या दोन शब्दांवरून होतात. समजा 18,000 रुपये ठरले आणि युनिटला भविष्यनिर्वाह निधी व ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) दोन्ही लागू आहेत. निधी 15,000 च्या मर्यादेवर 12 टक्क्यांनी 1,800, ईएसआय 0.75 टक्क्यांनी 135 आणि व्यवसाय कर 200 वजा जाता हातात 15,865 उरतात. हा हिशेब पहिल्या दिवशी कागदावर मांडला नाही, तर तो पहिल्या पगाराच्या दिवशी भांडणात मांडावा लागतो. नेमणूकपत्रात शिफ्टची वेळ, साप्ताहिक सुट्टी आणि ओव्हरटाइमचा दुप्पट दर लिहून द्यावा; ‘बघू नंतर’ हे उत्तर कामगार नकार म्हणूनच ऐकतो, आणि ते बरोबरच आहे.

माणूस टिकावा म्हणून मोठी उचल देणे किंवा त्याची मूळ प्रमाणपत्रे कपाटात अडकवून ठेवणे हे दोन्ही उपाय उलटतात. उचलीच्या ओझ्याखालचा माणूस मनाने केव्हाच गेलेला असतो, आणि कर्जापोटी कुणाला कामावर अडकवून ठेवणे हा 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हाही ठरू शकतो. उचल द्यायचीच तर एका पगाराच्या आत द्यावी, हप्ता ठरवावा, वहीत दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि कागदपत्रांच्या केवळ छायाप्रती ठेवाव्यात. दिवाळीचा बोनस हाती पडल्यावर माणसे जागा बदलतात हे दरवर्षीचेच आहे, तेव्हा नव्या सेटरचा शोध गणपतीच्या सुमारास सुरू करावा, म्हणजे जुना माणूस असतानाच नव्याला महिनाभर त्याच्या शेजारी उभे करता येते.