अशांत काळात इजिप्तला जाताना: निर्णय, तयारी आणि रस्त्यावरचे वागणे

इजिप्तची सहल आपण सहा-आठ महिने आधी ठरवतो. तेथील परिस्थिती पालटायला मात्र एक शुक्रवार पुरतो. २५ जानेवारी २०११ रोजी कैरोच्या तहरीर चौकात राष्ट्राध्यक्ष होस्नी मुबारक यांच्या राजवटीविरुद्ध निदर्शने सुरू झाली, तेव्हा पिरॅमिड पाहायला आलेल्या बहुतेक प्रवाशांनी आपला कार्यक्रम बदलला नाही. तीनच दिवसांनी, शुक्रवार २८ जानेवारीला, देशातील इंटरनेट आणि मोबाइल सेवा बंद झाली, संचारबंदी लागू झाली आणि चौकालगतच्या जुन्या संग्रहालयाशेजारची सत्ताधारी पक्षाची इमारत पेटली. मोबाइल दुसऱ्या दिवशी सुरू झाले, पण इंटरनेट २ फेब्रुवारीपर्यंत आले नाही आणि बँका ६ फेब्रुवारीपर्यंत उघडल्या नाहीत. आरक्षण ई-मेलमध्ये, पैसे कार्डात आणि पत्ता फोनमध्ये ठेवून निघालेला प्रवासी त्या आठवड्यात किती निराधार झाला असेल, हे डोळ्यांसमोर आणले की तयारी कशाची करायची हे आपोआप समजते.

मी स्वतः इजिप्तला गेले ती त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, बहीण, तिचे यजमान आणि त्यांचा मुलगा यांच्यासोबत. आम्ही कैरोत उतरलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, १९ नोव्हेंबरला, तहरीर चौकाला मिळणाऱ्या मोहम्मद महमूद रस्त्यावर पोलीस आणि निदर्शक यांच्यात चकमकी सुरू झाल्या. सहल ठरवून देणाऱ्या मध्यस्थाने आमचे हॉटेल चौकापासून दहा मिनिटांच्या अंतरावर घेतले होते. मुबारक गेल्यानंतरच्या पहिल्या निवडणुका २८ नोव्हेंबरला सुरू होणार आहेत आणि वातावरण तापलेले आहे, हे त्याने सांगितले नाही आणि आम्ही विचारलेही नाही. पुढे जे लिहिले आहे, त्यातील बराचसा भाग त्या न विचारलेल्या प्रश्नांतून आला आहे.

जावे की न जावे

‘इजिप्त सुरक्षित आहे का’ या प्रश्नाला उपयोगी उत्तर मिळत नाही. प्रश्न विचारायचा तो ठिकाण आणि तारीख धरून. देशाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग वाळवंट आहे आणि जवळजवळ सगळी वस्ती नाईलच्या अरुंद पट्ट्यात व त्रिभुज प्रदेशात आहे. त्यामुळे कैरो आणि लक्सर ही दोन शहरे एकाच नदीवर असली, तरी त्यांच्यात सुमारे ६५० किलोमीटरचे अंतर आहे, आणि एका शहरात दगडफेक चालू असताना दुसऱ्यात नावा नेहमीसारख्या चालू असतात, असे अनेकदा घडले आहे. आमच्या वेळी नेमके तसेच झाले. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये कैरोतील राबा अल-अदविया चौकात पदच्युत राष्ट्राध्यक्ष मोहम्मद मोर्सी यांच्या समर्थकांनी धरलेले धरणे सुरक्षा दलांनी मोडून काढले, तेव्हा हिंसा मधल्या इजिप्तमधील मिनिया भागात पसरली, तेथील मलावी शहराचे संग्रहालय लुटले गेले आणि देशातील रेल्वे थांबवण्यात आली. म्हणजे ‘कैरो तापले आहे, आपण लक्सरला जाऊ’ हा विचार बरोबर असला, तरी रेल्वेने किंवा मोटारीने मधला पट्टा ओलांडून जाण्याचा विचार चुकीचा ठरू शकतो. अशा काळात कैरो ते लक्सर किंवा अस्वान हा टप्पा विमानानेच करावा.

तारखांचेही तसेच. २५ जानेवारी, ३० जून, ३ जुलै आणि १४ ऑगस्ट हे २०११ चा उठाव आणि २०१३ चे सत्तांतर यांतील घटनांचे स्मृतिदिन आहेत. राजकीय तणाव असलेल्या वर्षी या दिवसांत कैरोच्या मध्यभागी मुक्काम ठेवू नये. निवडणुकीच्या आधीचा आठवडा टाळावा. मोठी निदर्शने बहुधा शुक्रवारी दुपारच्या नमाजनंतर होत, म्हणून शुक्रवार हा शहर पाहण्याचा दिवस न ठेवता विश्रांतीचा किंवा गावाबाहेर राहण्याचा दिवस ठेवावा.

निर्णय घेताना भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाची आणि कैरोतील आपल्या वकिलातीची सूचना मुळातून वाचावी. ओळखीच्या माणसाने सांगितलेला तिचा सारांश पुरेसा नाही. देश सोडण्याचा सल्ला दिला गेला असेल किंवा रात्रीची संचारबंदी जाहीर झाली असेल, तर सहल पुढे ढकलावी, आणि त्यात पैसे बुडाले तरी वाईट वाटून घेऊ नये. सोबत नियमित औषधोपचार चालू असलेले वडीलधारे किंवा लहान मूल असेल, तर मी याहून कमी कारणानेही थांबेन, कारण रस्ते बंद झाले की पहिली अडचण होते ती दवाखान्यात पोहोचण्याची.

मुक्काम आणि नकाशा

हॉटेल निवडण्याआधी कैरोचा नकाशा कागदावर काढून तीन बिंदू जोडावेत: मुक्काम, विमानतळ आणि निदर्शनांची नेहमीची ठिकाणे. विमानतळ शहराच्या ईशान्येला, हेलिओपोलिसच्या पलीकडे आहे. पिरॅमिड नैऋत्येला, गिझाच्या पठारावर. तहरीर चौक या दोहोंच्या मध्ये येतो, आणि २०१३ मध्ये ज्या नस्र सिटी भागात राबाचे ते धरणे होते, तो तर मध्यवर्ती शहर आणि विमानतळ यांच्या दरम्यानच आहे. केवळ निदर्शनांपासून दूर राहणे म्हणूनच पुरेसे नसते, विमानतळाकडे जाणारा रस्ताही मोकळा हवा. गिझाला राहिल्यास बाह्यवळण मार्गाने मध्यवर्ती शहर टाळता येते, एवढ्या एका कारणासाठी मी आज गिझाच निवडेन.

एक मोठी सोय आता झाली आहे. पूर्वी तूतनखामेनचा खजिना आणि राजघराण्यातील ममी पाहण्यासाठी तहरीर चौकातील संग्रहालयात जावेच लागे. एप्रिल २०२१ मध्ये त्या ममी कैरोच्याच फुस्तात भागातील राष्ट्रीय संस्कृती संग्रहालयात हलवण्यात आल्या, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये पिरॅमिडजवळ भव्य नवे संग्रहालय पूर्णपणे उघडले, तेथे आता तूतनखामेनचा संग्रह आहे. चौक तापलेला असेल तर तिकडे पाऊलही न टाकता या दोन्ही गोष्टी पाहता येतात. जुने गुलाबी संग्रहालय माझ्या विशेष प्रेमाचे आहे, कारण २८ जानेवारीच्या रात्री काही चोर आत शिरल्यानंतर सामान्य कैरोवासीयांनी हातात हात घालून त्याच्याभोवती साखळी केली होती; पण ते पाहायला शांत दिवस निवडावा.

वाळवंटातील प्रवासाबाबत मात्र तडजोड करू नये. पश्चिमेकडील श्वेत वाळवंट आणि बहारिया मरुद्यान यांची ओढ कितीही असली, तरी परवानगीशिवाय तेथे नेणाऱ्या वाहनचालकाबरोबर जाऊ नये. १३ सप्टेंबर २०१५ रोजी याच वाळवंटात थांबलेल्या मेक्सिकन पर्यटकांच्या ताफ्यावर सुरक्षा दलांनी दहशतवादी समजून हल्ला केला आणि प्रवासी व त्यांचे इजिप्शियन सोबती मिळून १२ जण मृत्युमुखी पडले. गाझाच्या सीमेलगतच्या उत्तर सिनाईचा विचारही करू नये.

सामानात काय असावे

पासपोर्ट, व्हिसा, विमानाचे तिकीट आणि विम्याची पाने यांच्या कागदी प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. हॉटेलचा आणि झमालेक बेटावरील भारतीय वकिलातीचा पत्ता अरबी लिपीत लिहून घ्यावा, कारण घाईच्या वेळी टॅक्सीवाल्याला आपले उच्चार समजत नाहीत. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा, म्हणजे इंटरनेट नसतानाही तो उघडतो. पोलिसांसाठी १२२, रुग्णवाहिकेसाठी १२३ आणि पर्यटन पोलिसांसाठी १२६ हे क्रमांक त्याच कागदावर लिहावेत.

रोख रक्कम किमान पाच दिवस पुरेल एवढी हवी. काही डॉलर आणि बाकी इजिप्शियन पौंड, तेही लहान नोटांत. शेजारच्या दुकानातून पाणी आणि पाव घेताना मोठ्या नोटेचे सुटे मिळत नाहीत. आमच्या बहिणीने निघताना दशम्या, खाकरे आणि शेंगदाण्याची चिक्की भरली होती, तेव्हा मी ते ओझे म्हटले होते. आम्ही खोलीत बसून काढलेल्या दीड दिवसात त्याच डब्यावर चौघे जेवलो. एरवी शाकाहारी माणसाची इजिप्तमध्ये उपासमार होत नाही. भात, मसूर, मॅकरोनी, हरभरे आणि टोमॅटोचा तिखट रस्सा यांची कोशरी कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते, पण ती दुकाने उघडी असली तरच.

विम्याची अट बारकाईने वाचावी. दंगल आणि नागरी अशांतता यांमुळे झालेले नुकसान पुष्कळ पॉलिसींमध्ये वगळलेले असते, आणि अशांतता सर्वांना ठाऊक झाल्यानंतर विमा घेतला असेल तर तिच्याबाबतचा दावा सहसा मान्य होत नाही. म्हणून विमा तिकिटाबरोबरच घ्यावा.

घरी एका माणसाची नेमणूक करावी. रोज रात्री ठरलेल्या वेळी त्याला संदेश जाईल, सलग दोन दिवस गेला नाही तर तो वकिलातीशी संपर्क साधेल, आणि तोपर्यंत नातेवाइकांना घाबरवणार नाही, असे स्पष्ट बोलून घ्यावे. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ संकेतस्थळावरून तक्रार कशी नोंदवायची हे त्याला आधीच दाखवून ठेवावे.

रस्त्यावर

गर्दी दिसली की उलट्या दिशेला चालू लागावे, कुतूहलाने दोन मिनिटेही थांबू नये. २०१३ च्या कायद्यानुसार परवानगीशिवाय निदर्शन करणे गुन्हा आहे, आणि परदेशी माणूस त्यात केवळ पाहुणा म्हणून उभा होता हे सिद्ध करत बसण्याची वेळ येऊ देऊ नये. सैनिक, पोलीस, तपासणी नाके, पूल आणि सरकारी इमारती यांचे छायाचित्र घेऊ नये; ड्रोन तर नेऊच नये, त्यावर बंदी आहे. २०१२ मध्ये परदेशी लोक हेर असू शकतात असे बजावणाऱ्या जाहिराती तेथील दूरचित्रवाणीवर दाखवल्या गेल्या होत्या. अशा हवेत साधा कॅमेराही संशय वाढवतो.

अश्रुधुराचा आमचा अनुभव असा की तो चौकातच राहत नाही, वाऱ्याबरोबर गल्ल्यांतून वर चढतो आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बंद खिडकीतूनही आत येतो. डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर धूर येण्याआधीच काढाव्यात, डोळे चोळू नयेत, भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावेत आणि वाऱ्याच्या दिशेचा अंदाज घेऊन धुरापासून दूर मोकळ्या हवेत जावे. दम्याचा त्रास असणाऱ्याने अशा भागात थांबूच नये.

नाक्यावर अडवले तर हात दिसतील असे ठेवून, सावकाश पासपोर्ट द्यावा. २०११ च्या जानेवारीत पोलीस रस्त्यांवरून नाहीसे झाले, तेव्हा मोहल्ल्या-मोहल्ल्यांतील तरुणांनी काठ्या घेऊन स्वतःच पहारे बसवले. विमानतळाकडे निघालेल्या प्रवाशांच्या टॅक्सी त्यांनी एकामागून एक थांबवल्या, कागद पाहिले आणि अदबीने पुढे सोडल्या, असे त्या वेळच्या अनेकांनी सांगितले आहे. काठी पाहून घाबरून गाडी पळवायला सांगणे हे तेथे सर्वांत धोक्याचे ठरले असते. आम्हाला अडवणाऱ्या शिपायाने ‘हिंदी?’ एवढेच विचारले, आणि मान हलवताच हसून अमिताभ बच्चन यांचे नाव घेतले. हा अनुभव इजिप्तमध्ये बहुतेक भारतीयांना येतो. त्याचा आनंद घ्यावा, पण त्यावर विसंबून वागणे सैल करू नये.

संचारबंदीची वेळ बदलत राहते. ती हॉटेलच्या स्वागतकक्षात रोज सकाळी विचारावी आणि तिच्या दोन तास आधी खोलीत परतावे. विमान रात्रीचे असेल, तर दिवसाउजेडी विमानतळावर जाऊन बसावे.

निघून जायचे ठरले तर ते लवकर ठरवावे. २०११ च्या जानेवारीअखेर कैरोच्या विमानतळावर हजारो लोक जमिनीवर झोपले होते आणि खाण्याचे पदार्थ संपले होते. एअर इंडियाच्या विशेष विमानाने तेथून भारतीयांना मुंबईत आणले खरे, पण अशा विमानात जागा मिळण्यासाठी वकिलातीकडे आपले नाव आधी असावे लागते. शांत दिवशी पाठवलेला, नावे, पासपोर्ट क्रमांक आणि मुक्काम यांची माहिती देणारा एक ई-मेल येथे कामी येतो.

यजमान लोकांविषयी

२०१० मध्ये इजिप्तला सुमारे १ कोटी ४७ लाख पर्यटक आले होते. २०११ मध्ये ते सुमारे ९८ लाख झाले. आम्ही लक्सरला पोहोचलो तेव्हा कर्नाकच्या १३४ खांबांच्या दालनात आमच्याशिवाय सात-आठ माणसे होती, आणि बाहेर घोडागाड्यांची रांग उभी होती. त्या घोड्यांच्या बरगड्या मोजता येत होत्या. अशा वेळी बक्षिसासाठी मागे लागणाऱ्या माणसावर चिडू नये. घासाघीस करावी, पण शेवटच्या पौंडापर्यंत नाही. आणि शक्य तेथे नावाडी, वाटाड्या, गाडीवाला यांना मध्यस्थ न घेता हातात पैसे द्यावेत.

राजकारणाचा विषय आपण काढू नये. वाटाड्या मोकळेपणी बोलला तर ऐकावे, पण त्याचे मत कोणासमोर सांगू नये, त्याचे नाव आणि छायाचित्र घालून समाजमाध्यमांवर तर मुळीच टाकू नये. आपण आठवड्याने परत येतो, तो तेथेच राहतो.

परत आल्यावर लोक विचारतातच की इजिप्त कसे आहे. तेव्हा दिवस आणि जागा सांगून उत्तर द्यावे: १९ नोव्हेंबरला तहरीरजवळ आम्ही खिडक्या बंद करून बसलो होतो, २३ नोव्हेंबरला लक्सरमध्ये नाईलच्या पश्चिम तीरावर सायकलने फिरलो. ‘तिकडे जाऊ नका’ किंवा ‘काही होत नाही’ एवढेच ऐकून कोणी आपले तिकीट रद्द करते, कोणी काढते, आणि तिकडे एक घोडागाडीवाला गिऱ्हाइकाची वाट पाहत असतो.