हिवाळ्यात फेरीबोटीच्या ड्राय डॉकला निघताना

लोणी काळभोर किंवा तळेगावला सागरी शिक्षण घेतलेल्या मुलामुलींना पहिली नेमणूक थंड देशातल्या फेरीबोटीवर मिळाली आणि ती जानेवारीत असली, तर बोट पाण्यावर नव्हे, ड्राय डॉकमध्ये, म्हणजे पाणी उपसून कोरड्या केलेल्या दुरुस्तीच्या गोदीत, ठोकळ्यांवर बसलेली भेटण्याचा संभव असतो, कारण प्रवासी कमी असतात तेव्हाच दुरुस्ती उरकली जाते. त्यामुळे पुण्यातूनच नीट तयारी करून निघावे.

पासपोर्ट, सीडीसी (खलाशाची नोंदपुस्तिका), एसटीसीडब्ल्यूची (सागरी प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय मानकांची) प्रमाणपत्रे आणि वैद्यकीय दाखला यांच्या मूळ प्रती हातातल्या पिशवीतच असाव्यात. कपड्यांचा विचार मात्र सावकाश करावा. डॉकमधले पाणी उपसल्यावर इंजिन थंड करायला समुद्राचे पाणी मिळत नाही, म्हणून जहाजाचे जनरेटर सहसा बंद ठेवून किनाऱ्यावरून वीज घेतात. जहाजावरची स्वच्छतागृहेही बहुधा बंद असतात आणि मध्यरात्री गँगवे, म्हणजे जहाजावरून उतरायची शिडी, उतरून यार्डात (गोदीच्या आवारात) जावे लागते. पुण्याच्या डिसेंबरात पुरणारा स्वेटर तिथे पुरत नाही. थर्मलचे दोन जोड, त्यावर चढेल असा एक माप मोठा बॉयलर सूट (कामाचा अंगभर एकसंध पोशाख) आणि हेल्मेटखाली बसणारी पातळ कानटोपी जवळ असावी.

अप्पा बळवंत चौकातून खिशात मावणारी पुठ्ठाबांधणीची वही आणि चार पेन्सिली आठवणीने घ्याव्यात. ओलाव्यात शाई पसरते, पेन्सिल टिकते. डॉकमध्ये जे जे उघडले जाते, ते कोणी, केव्हा उघडले आणि कोणी बंद केले, हे स्वतःच्या हाताने लिहावे. टाक्या रिकाम्या करण्यासाठी तळाचे प्लग काढतात, त्यांची नोंद सर्वांत काटेकोर हवी. माझ्या पहिल्याच डॉकमध्ये एका प्लगपुढे ‘काढला’ असे लिहिले होते, ‘बसवला’ लिहिलेले नव्हते. बोट तरंगवण्यासाठी डॉकमध्ये पाणी सोडणे थांबवून आम्ही बॅटरी घेऊन तळाखाली वाकत गेलो, तर प्लग जागेवर होता, पण बोटांनी फिरत होता.

टाकीत उतरण्यापूर्वी परमिट, म्हणजे आत जाण्याची लेखी परवानगी, पाहावे आणि प्राणवायू २१ टक्के असल्याची खात्री करावी. रंगकामात पोलादाचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे दव होते त्यापेक्षा) किमान ३ अंशांनी अधिक हवे. हिवाळ्यात यासाठी वाट पाहावी लागली, तर पाहावी. गाड्या आत घेण्यासाठी बोटीच्या नाकाशी असलेल्या पुढच्या दाराच्या रबरी सीलवर घाई कधीच करू नये. १९८७ साली बेल्जियममधल्या झीब्रुग बंदराबाहेर पुढचे दार उघडे राहिल्याने ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ’ ही फेरीबोट कलंडली आणि १९३ माणसे गेली. दाराच्या कडेला खडू घासून दार मिटावे, उघडावे, आणि रबरावरची पांढरी रेघ कुठे तुटते ते बोटाने चाचपून पाहावे.

डॉकमध्ये पाणी शिरू लागले की आपण उघडलेल्या झडपेशेजारी वही घेऊन उभे राहावे आणि फ्लॅन्जखाली (नळाच्या बोल्टने आवळलेल्या जोडाखाली) कोरडा हात धरून तो कोरडाच राहतो का, ते पाहावे.