बुकशेल्फ स्पीकर घेण्याआधी कसे पारखावेत

दुकानात दोन जोड्या शेजारी शेजारी वाजवल्या की बहुतेक वेळा जास्त धडधडणारी आणि जास्त झगझगीत जोडी बाजी मारते. पाच मिनिटांच्या ऐकण्यात तोच फरक कानाला आधी जाणवतो. तीच जोडी घरी रोज दोन तास ऐकायची म्हटली की कंटाळा येतो, डोकं जड होतं आणि गाणं बंद करावंसं वाटतं. म्हणून पारखताना माझी पहिली आणि शेवटची कसोटी एकच असते: माणसाचा आवाज माणसासारखा येतो का? बाकी सगळं त्यानंतर.

हा लेख पॅसिव्ह स्पीकरांविषयी आहे. त्यांच्या पोटात अ‍ॅम्प्लिफायर नसतो. खालचे सूर वाजवणारा साधारण पाच ते साडेसहा इंची वूफर, वरचे सूर वाजवणारा एक इंची ट्वीटर, दोघांमध्ये सूर वाटून देणारा क्रॉसओव्हर आणि मागे वायर जोडायची टर्मिनल्स, एवढाच संसार.

आधी कागद वाचा

उदाहरण म्हणून केईएफ कंपनीचा एलएस५० मेटा घेऊ, कारण त्याचे आकडे कंपनीने नीट सांगितले आहेत. कुठून कुठपर्यंत वाजतो? ४७ हर्ट्झपासून, असं एका ओळीत दिसतं (हर्ट्झचा आकडा लहान तितका सूर खालचा). दुसऱ्या ओळीत ७९ हर्ट्झपासून. दोन्ही खरं आहे. ७९ पर्यंत आवाज ३ डेसिबलच्या मर्यादेत राहतो, ४७ ला तो ६ डेसिबलने खाली आलेला असतो. ज्या खोक्यावर नुसतं ‘४५ हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ छापलं आहे आणि किती डेसिबलच्या फरकात ते सांगितलेलं नाही, त्या आकड्यावर विसंबू नका.

दुसरा आकडा सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे ठरावीक व्होल्ट दिल्यावर स्पीकर किती मोठा वाजतो याचा. इथे तो ८५ डेसिबल आहे, २.८३ व्होल्ट देऊन एक मीटरवर मोजलेला. २.८३ व्होल्ट म्हणजे ८ ओहमच्या (ओहम हे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) स्पीकरला १ वॉट, पण ४ ओहमच्या स्पीकरला २ वॉट. त्यामुळे ४ ओहमचा ८८ डेसिबलवाला स्पीकर ‘जास्त जोरात वाजतो’ असं कोणी सांगितलं, तर तो दुप्पट वीजही घेतो हे लक्षात ठेवा. आवाज ३ डेसिबलने वाढवायचा तर अ‍ॅम्प्लिफायरकडून दुप्पट वॉट लागतात.

तिसरा आकडा ओहमचा. याच स्पीकरवर ८ ओहम लिहिलं आहे आणि शेजारी ‘किमान ३.५’ असंही लिहिलं आहे. तुमचा अ‍ॅम्प्लिफायर ४ ओहमचा भार सुखाने पेलतो का, हे त्याच्या मागच्या पट्टीवर बघून घ्या.

मग हात लावून बघा

खोका बोटाच्या पेराने ठोका. पोकळ, घुमणारा आवाज आला तर आतला आधार कमी आहे, असा सर्वसाधारण अंदाज बांधता येतो. मात्र जड तो चांगला, हा हिशेब फसवा आहे. बीबीसीने १९७० च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी तयार केलेला एलएस३/५ए हा छोटा स्पीकर मुद्दाम पातळ प्लायवुडचा होता. आतून जड थर चिकटवून त्याचा कंप दाबला होता. निवेदकाचा आवाज अचूक तपासता यावा हा त्याचा हेतू, आणि त्या कामात त्याचं नाव आजही घेतलं जातं.

वूफर आणि ट्वीटरची जोडी नीट बघा, कारण डिझाइनमधली खरी अडचण इथेच असते. २ किलोहर्ट्झच्या सुराची लांबी साधारण १७ सेंटीमीटर, म्हणजे साडेसहा इंची वूफरच्या रुंदीएवढी. तिथून वर वूफरचा आवाज समोर एका झोतात जायला लागतो, बाजूला कमी पसरतो. त्याच सुराला एक इंची ट्वीटर मात्र खोलीभर पसरतो. या दोघांचा सांधा जुळवायला काही उत्पादक ट्वीटरभोवती उथळ बशीसारखा भाग देतात, काही वूफर लहान घेतात, तर केईएफ ट्वीटर वूफरच्या मधोमध बसवते. यातलं काहीच केलेलं नसेल, तर पुढची चालण्याची चाचणी काटेकोरपणे करा.

जुने स्पीकर घेत असाल तर वूफरच्या कडेची गोल पट्टी आधी तपासा. रबराची असेल तर ती बरीच वर्षं टिकते. फोमची असेल तर दमट हवेत तिचा भुगा होतो, बोट लावताच चिकट कण निघतात. मुंबई, कोकण, गोव्याकडच्या मालात खोक्याच्या मागच्या आणि खालच्या कडाही बघा. ओल लागलेला एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला फळा) फुगतो आणि परत बसत नाही. वूफरचा शंकूसारखा पडदा दोन्ही बाजूंनी बोटं ठेवून हलकेच आत दाबा. खरखर आली तर आतली कॉइल घासते आहे, तो स्पीकर सोडून द्या. ट्वीटरला मात्र हात लावू नका.

ऐकताना आधी एकच स्पीकर

दोन जोड्यांची तुलना करायची तर आवाज सारखा करणं सगळ्यात महत्त्वाचं. एक डेसिबलने मोठा वाजणारा स्पीकर कानाला ‘चांगला’ वाटतो, आणि दुकानात हे सर्रास घडतं. पिंक नॉइजची (सगळे सूर मिसळलेल्या एकसारख्या सळसळाटाची) फाइल वाजवा, बसायच्या जागी फोनवर आवाज मोजणारं अ‍ॅप ठेवा आणि दोघांचं माप अर्ध्या डेसिबलच्या आत आणा. फोनचा आकडा स्वतंत्रपणे बिनचूक नसेल, तरी तुलनेला पुरतो.

आता एका बाजूचा स्पीकर बंद करा आणि मोनो (दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र) लावून एकच ऐका. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि पुढे ऑडिओ उपकरणं बनवणाऱ्या हर्मन कंपनीत ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांनी केलेल्या कामातून दिसलं, की स्टिरिओपेक्षा एकट्या स्पीकरचे दोष कानाला लवकर कळतात. त्यांनी आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये हेही दाखवलं, की समोर कोणता स्पीकर आहे हे दिसत असलं की तेच कान वेगळे गुण देतात. जमलं तर सोबतच्या माणसाला वायर बदलायला लावा आणि तुम्ही डोळे मिटून ऐका.

काय ऐकायचं? आधी बोललेला आवाज, शक्यतो चांगलं रेकॉर्ड केलेलं पुरुषाचं निवेदन. तो पिंपात तोंड घालून बोलतोय असं वाटलं, तर वरचा बेस फुगलेला आहे. ‘स’, ‘श’, ‘च’ टोचायला लागले तर ट्वीटर भडक आहे.

मग तानपुरा. मिरजेत घडणाऱ्या या वाद्याइतकं चांगलं मोजमापाचं साधन आपल्याकडे दुसरं नाही. पुरुषी तानपुरा काळी एकला लावला असेल तर जोडीच्या तारा १३९ हर्ट्झच्या आसपास आणि खर्ज ६९ च्या आसपास. बुकशेल्फ स्पीकरवर खर्जाचं वजन कमी होईल, पण सूर हरवणार नाही, कारण त्याच तारेतून निघणारे वरचे अंश (उपस्वर) शाबूत असतात आणि त्यावरून कान तो सूर भरून काढतो. तुम्ही ऐकायचं ते असं: तार छेडल्यापासून जवारीचे (घोडीवर तार घासून उमटणारे झणझणते) अंश उलगडेपर्यंत ती एकच तार राहते का? खर्ज खालून वेगळा आणि झणकार वरून वेगळा, अशी फाळणी झाली तर क्रॉसओव्हरचा सांधा जुळलेला नाही. मला हा दोष इतर कुठल्याही दोषापेक्षा जास्त खटकतो.

डग्ग्यावर तळवा सरकवून काढलेली घुमक ऐका. सूर खाली-वर जाताना कळला पाहिजे. प्रत्येक थाप एकाच सुरात ‘बूं’ अशी येत असेल, तर वाजतो तो डग्गा नाही, खोक्याचा पोर्ट (बेस वाढवायला ठेवलेलं भोक) आहे. पेटीवर सावकाश वाजवलेलं सप्तकही उपयोगी पडतं. एखादा स्वर उगाच उसळून आला तर कुठेतरी कंप आहे.

चालून बघा, मग जोराने वाजवा

तेच निवेदन चालू ठेवून खुर्चीतून उठा, बसा, मग बाजूला दोन पावलं जा. उभं राहताच आवाज पोकळ झाला किंवा बाजूला गेल्यावर एकदम मळकट झाला, तर तोच आवाज भिंतींवर आपटून तुमच्याकडे परत येणार आहे. एवढ्यासाठीच हे स्पीकर शोकेसमध्ये आडवे ठेवू नयेत. ट्वीटर वर, वूफर खाली, आणि ट्वीटर बसल्यावर कानाच्या उंचीला.

शेवटी तुम्ही घरी जितका मोठा लावता त्याहून थोडा मोठा आवाज करा. पोर्टमधून हवेची फुसफुस किंवा आवाजात आवळलेपणा येतो का, एवढंच पाहायचं.

घरी आल्यावर

आपल्या खोल्या काँक्रीटच्या, फरशीच्या आणि चौकोनी. १२ बाय १० फुटांच्या खोलीत ४७ आणि ५६ हर्ट्झच्या आसपासचे सूर खोलीच गुंजवते, आणि तो फुगलेला बेस लोक स्पीकरच्या माथी मारतात. पोर्ट मागे असेल तर आधी खोका भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढून ऐका. तेवढी जागा नसेल तर सोबत आलेला फोमचा बोळा किंवा घट्ट गुंडाळलेला पायमोजा पोर्टमध्ये घाला. बेस थोडा कमी होईल, पण आवरलेला येईल. जाड पडदा आणि सतरंजी टाकल्यावर टाळीचा खणखणाट कमी झाला की तेच निवेदन पुन्हा लावा. आवाज अजूनही पिंपातून येत असेल, तर परत करायची मुदत संपण्याआधी जोडी दुकानात नेऊन द्या. खरेदी करतानाच ही मुदत बिलावर लिहून घ्या.