गुड फ्रायडेला सोलापूरला येताय? या चुका टाळा

एका गुड फ्रायडेला मी पुण्याहून सकाळची गाडी धरली. बाराच्या आत सोलापूर गाठू, असा हिशेब होता. गाडी रखडली आणि बारा वाजले तेव्हा मी कुर्डुवाडीचा फलाट बघत बसले होते. चर्चमध्ये शिरले तेव्हा येशूने क्रुसावरून काढलेल्या सात उद्गारांपैकी पाचवा चालू होता, 'मला तहान लागली आहे.' आईने शेवटच्या बाकावर रुमाल टाकून जागा धरली होती. ती बोलली काहीच नाही, फक्त रुमाल उचलला.

म्हणून पहिली चूक हीच: त्या दिवशी प्रवास ठेवणं. आमच्याकडे मुख्य उपासना दुपारी बारा ते तीन, येशू क्रुसावर होता त्या वेळेची. त्यासाठी गुरुवारीच निघा. मुंबईकरांना रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी सोलापुरात सोडते, पुणेकरांना संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस बरी. आरक्षण 60 दिवस आधी खुलं होतं. तत्काळवर विसंबू नका, सलग सुट्ट्यांमुळे तिथेही झुंबड असते.

तारीख गेल्या वर्षीची धरून तिकीट काढणारेही भेटतात. ही सुट्टी दर वर्षी सरकते: 2024 साली 29 मार्च, 2025 साली 18 एप्रिल, 2026 साली 3 एप्रिल. ईस्टरचा, म्हणजे येशू पुन्हा उठला तो रविवार वसंतातल्या पौर्णिमेनंतर येतो, त्यामुळे बऱ्याच वर्षी गुड फ्रायडे चैत्री पौर्णिमेच्या आसपास पडतो. 2026 मध्ये हनुमान जयंती 2 एप्रिलला आणि लगेच दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे. चैत्री पौर्णिमेला तुळजापूरला यात्रा असते आणि ते सोलापूरपासून जेमतेम पंचेचाळीस किलोमीटर. स्टँडवर उतरून पुढे एसटीने गावी जाणार असाल, तर हातात दोन तास जास्तीचे ठेवा. बँका बंद असतात, दानासाठी सुटे पैसे आदल्या दिवशीच काढून ठेवा.

आता शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी, आणि हे मला मनापासून सांगायचंय. सकाळी सकाळी 'हॅपी गुड फ्रायडे' आणि फुलांचं चित्र पाठवू नका. नावात 'गुड' असलं, मराठीत आम्ही 'उत्तम शुक्रवार' म्हणत असलो, तरी हा मरणाचा दिवस आहे. दुखवट्याच्या घरी आपण शुभेच्छा देत नाही, तसंच. पाठवणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं, हे आम्हाला कळतं. पण त्यापेक्षा 'आज उपासनेला जाणार ना?' एवढं विचारलंत तरी जीव सुखावतो. शुभेच्छा ईस्टरच्या रविवारी द्या, अगदी भरभरून. त्या दिवशी आम्ही एकमेकांना 'प्रभू उठला आहे' म्हणतो आणि समोरचा 'खरोखर उठला आहे' म्हणतो.

उपासनेला यायचं असेल तर या, कोणी अडवत नाही. कपडे साधे, पांढरे किंवा फिके. फुलं, पेढे आणू नका. मोबाइल बंद. मध्येच उठायचं झालं तर गीत चालू असताना उठा, प्रार्थनेत नको. प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) असेल तर ते बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतं, तुम्ही जागेवर शांत बसून राहिलात तरी चालतं. संपल्यावर दारात गप्पांचा फड जमत नाही, लोक मुकाट्याने घरी जातात. त्यात अपमान वाटून घेऊ नका.

त्या दिवशी कोणाच्या घरी जेवायला जाणंही टाळा. बरेचजण तीनपर्यंत उपास धरतात, कॅथलिक घरांत मटण तर अजिबात नसतं. आमच्याकडे तीननंतर पिठलं, भाकरी आणि शेंगाचटणी, बास. उपास असला तरी म्हाताऱ्या माणसांना पाणी प्यायला लावा. एप्रिलमधलं सोलापूरचं ऊन चाळिशीपार जातं आणि तीन तास पंख्याखाली बसूनही चक्कर येते. मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांनी उपासाचं डॉक्टरांना आधी विचारावं.

शेवटची गफलत परतीची. रविवारी सकाळचं तिकीट काढतात. पुण्या-मुंबईच्या सकाळच्या गाड्या सहा-साडेसहालाच सुटतात, आणि ईस्टरची पहाटेची उपासना नेमकी त्याच वेळी असते. जमलं तर सोमवारची एक रजा टाका, नाहीतर रविवारी दुपारनंतरची गाडी बघा.